निरंक कुटुंब

मिस्तरींच्या घरात पुरेसा कचरा होत नाही, ही बाब शाळेच्या निदर्शनास आली ती अभियान सुरू झाल्यानंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी. तोपर्यंत ती कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. खुद्द मिस्तरींच्याही नाही.

मुलांच्या घरात, आणि घरातून वस्तीत, पुनर्चक्रणाची सवय लागावी असा त्या अभियानाचा हेतू होता. हेतूला नाव ठेवायला जागाच नव्हती. प्रत्येक कुटुंबाने कागद, प्लास्टिक आणि धातू असा सुका कचरा तीन वेगळ्या पिशव्यांत भरून दर शुक्रवारी शाळेत आणायचा होता, किमान तीन किलो. वजनाची नोंद पाल्याच्या प्रगतिपुस्तकात, ‘सामाजिक जाणीव’ या रकान्यात व्हायची होती. हे सगळं सांगणारं परिपत्रक चार पानी होतं, जाड कागदावर, एकाच बाजूला छापलेलं, आणि गहाळ झाल्यास अडचण नको म्हणून प्रत्येकाला दोन-दोन प्रती दिल्या होत्या.

मिस्तरी पंखे, इस्त्र्या, मिक्सर, किटल्या दुरुस्त करत. एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. वस्तू टाकून देणं हे त्यांच्या हाडातच नव्हतं. त्यांची बायको घरी शिवणकाम करायची आणि उरलेल्या चिंधीचं काय करावं हा प्रश्न तिला जन्मात पडला नव्हता. अशा घरातून चौथीतली मुलगी, जिला घरीदारी सगळे चिमणी म्हणत, पहिल्या शुक्रवारी शाळेत काय घेऊन गेली? पिळून पिळून कागदासारखी सपाट झालेली टूथपेस्टची नळी आणि त्या परिपत्रकाची एक प्रत. दुसरी प्रत आईने तिच्या वहीला कव्हर म्हणून घातली होती. पुढच्या शुक्रवारी तर तेवढंही जमलं नाही.

तिसऱ्या शुक्रवारी त्याच वहीत लाल शाईचा शेरा आला: ‘कुटुंब निरंक. पालकांनी समक्ष भेटावे.’

मिस्तरी दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन शाळेत गेले. अभियानाचा अतिरिक्त कार्यभार कवायतीच्या सरांकडे होता. त्यांनी मिस्तरींना खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि रिपोर्ट हातात धरलेला डॉक्टर बोलतो तशा आवाजात विचारलं, “मिस्तरी, घरी काही अडचण आहे का?”

“नाही सर.”

“मग कचरा का नाही?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ मिस्तरींवर कधी आली नव्हती. त्यांनी जमेल तसं सांगितलं, की आम्ही फारसं काही टाकत नाही. तुटलं तर जोडतो, फाटलं तर शिवतो, अगदीच गेलं तर त्याचं दुसरं काहीतरी करतो. सर समजूतदारपणे मान हलवत होते.

“ते सगळं कौतुकाचंच आहे,” ते म्हणाले. “पण तुम्ही टाकल्याशिवाय त्याचं पुनर्चक्रण होणार कसं?”

सर मनाने वाईट नव्हते. त्यांनी फॉर्म काढून दाखवला. त्यात तीन ते पाच किलो, पाच ते दहा किलो आणि दहाच्या वर अशा तीनच चौकटी होत्या. शून्याची चौकट वरून आलीच नव्हती. एक कुटुंब निरंक निघालं की शाळेची सरासरी घसरायची, पलीकडची शाळा पुढे जायची आणि वरून विचारणा यायची. शेवटी मिस्तरींनी तीन प्रतींत लेखी खुलासा द्यावा असं ठरलं. तो लिहून झाल्यावर मिस्तरींनी भीतभीत विचारलं, की हे तीन कागद आमच्या वजनात धरता येतील का. ते फाइलला लागतात, असं उत्तर मिळालं.

खुलासा असमाधानकारक ठरला आणि पुढच्याच आठवड्यात पाहणी समिती घरी आली. सर होते, वर्गाच्या बाई होत्या आणि पालकांच्या प्रतिनिधी म्हणून वकीलवहिनी होत्या, ज्यांच्या घरचा कचरा गाडीतून यायचा. समितीने स्वयंपाकघर पाहिलं. बिस्किटांच्या डब्यात बटणं होती. जॅमच्या बरण्यांत मीठ आणि साखर होती. तेलाचा डबा आडवा कापून त्यात पुदिना लावला होता. वकीलवहिनींनी एकेक वस्तू उचलून अदमासाने वजन सांगितलं, सरांनी लिहून घेतलं. अहवालात शेवटी म्हटलं होतं: ‘सदर कुटुंबाकडे अंदाजे चौदा किलो कचरा उपलब्ध असून, तो वापरात असल्याचे भासवून अडवून ठेवण्यात आला आहे.’

जाताना बाईंनी चिमणीच्या आईला बाजूला घेतलं. शुक्रवारी पोरगी मान खाली घालून बसते हो, त्या म्हणाल्या. बाकीच्यांच्या पिशव्या वर्गाच्या दारातून आत जात नाहीत आणि हिच्या हातात काहीच नसतं.

त्या संध्याकाळी जेवताना चिमणीने विचारलं, “बाबा, आपण गरीब आहोत का?”

“कोण म्हणालं?”

“कुणी नाही. पण ज्यांच्याकडे टाकायला काही नसतं, ते गरीबच ना?”

समितीने, खुलाशाने, लाल शेऱ्याने जे झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाण्याच्या बाटल्यांचा खोका विकत आणला. बायकोने पाणी पिंपात ओतलं आणि बाटल्या पिशवीत भरल्या. नळाला पाणी होतंच.

मग त्यांच्या लक्षात आलं, की या बाबतीत आपण फार मागे होतो. सगळ्या वस्तीत जागृती झाली होती. किराणावाल्याने ‘शुक्रवारसाठी खास पॅकिंग’ अशी पाटीच लावली होती. भाजीवाली चार टोमॅटो चार डब्यांत घालून द्यायची, आणि डबा नको म्हणणाऱ्याला “मुलं नाहीत वाटतं तुम्हाला?” असं हळहळून विचारायची. घरोघर दोन-दोन वर्तमानपत्रं येत. एक वाचायला, एक घडी न मोडता शाळेत द्यायला. वकीलवहिनींनी तर घरात कुणालाही न येणाऱ्या भाषेतलं वर्तमानपत्र लावलं होतं. त्याला पानं जास्त होती.

चिमणीची मान वर आली. कुटुंब पहिल्या चौकटीत आलं, मग दुसऱ्या. मिस्तरींना वाटलं, सुटलो.

तेवढ्यात दुसरं परिपत्रक आलं. धातूचं प्रमाण समाधानकारक नसल्याने यापुढे विजेच्या उपकरणांचं वजन दुप्पट धरण्यात येईल, असं त्यात होतं.

पहिल्या आठवड्यात मिस्तरींच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं कमी आली. मग चार. मग दुकानात नुसत्या माश्या. वरच्या मजल्यावरच्या काकू एक दिवस मिक्सर काखेत मारून जिना उतरल्या. हा मिक्सर मिस्तरींनी तीन वेळा मरणाच्या दारातून परत आणला होता. ते सवयीने उठले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. काकू ओशाळल्या. “नाही हो,” त्या म्हणाल्या, “याचं शुक्रवारी काम आहे.” आणि मूल कडेवर घेतात तसा मिक्सर सावरून निघून गेल्या.

त्या शुक्रवारी मिस्तरी चिमणीबरोबर स्वतः शाळेत गेले. कचऱ्याची खोली पूर्वी प्रयोगशाळा होती. आत छतापर्यंत ढीग लागला होता, आणि तो ढीग त्यांच्या ओळखीचा होता. या पंख्याची तार आपण गुंडाळलेली, ही मूठ आपण बसवलेली, ही निळी पट्टी आपली. त्यांनी एक किटली उचलून कानाशी हलवली. आत फक्त एक वायर सुटली होती.

ते सरांकडे गेले आणि म्हणाले, की मला चार दिवस द्या, यातल्या निम्म्या वस्तू चालू करून देतो, पैसेही नकोत. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना वाटून टाका.

सरांचा चेहरा उतरला. “मिस्तरी, या नोंदवलेल्या वस्तू आहेत. उद्या त्या चालू झाल्या तर वर काय कळवू? कचरा घटला म्हणून?” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “तुमचं मन चांगलं आहे. पण असलं बोलणं मुलांसमोर नको.”

सत्र संपताना सर्वांत जास्त वजन भरणाऱ्या कुटुंबाचा सत्कार व्हायचा होता. शेवटच्या आठवड्यात चिमणीचं कुटुंब दुसऱ्या क्रमांकावर होतं. पहिल्यावर अर्थातच वकीलवहिनी होत्या, आणि फरक अडतीस किलोंचा होता. चिमणीने काही मागितलं नाही. ती नुसती फळ्यावरचे आकडे वहीत उतरवून आणून परत परत वजाबाकी करत बसली. ते पाहून मिस्तरी उठले, दुकानात गेले आणि लोखंडी पेटी घेऊन आले. पकडी, हातोडे, पाने, सोल्डरिंग आयर्न, आणि त्यांच्या वडिलांच्या हातचं मोटारीची तार गुंडाळायचं यंत्र.

“अहो,” बायको म्हणाली, “ही अवजारं आहेत.”

“महिनाभर हात लागला नाही त्यांना,” मिस्तरी म्हणाले. “वापरात असल्याचं भासवून अडवून ठेवलीत.”

ती हसली नाही. तीही पेटीला दुसऱ्या बाजूने हात लावायला उठली.

यंत्र विजेवर चालणारं असल्याने त्याचं वजन दुप्पट धरलं गेलं. चाळीस किलो भरले. चिमणीचं कुटुंब पहिलं आलं. समारंभात त्यांना व्यासपीठावर बोलावण्यात आलं, पूर्वी निरंक असलेलं कुटुंब म्हणून त्यांची खास ओळख करून देण्यात आली आणि प्रमुख पाहुण्यांनी माणूस बदलू शकतो या विषयावर पंचवीस मिनिटं भाषण केलं. सन्मानचिन्ह प्लास्टिकचं होतं, थर्माकोलमध्ये बसवलेलं, पुठ्ठ्याच्या खोक्यात, वरून चकचकीत कागद. चिमणी मात्र मनापासून खूश होती, आणि तिच्याकडे पाहून मिस्तरीही हसले. फोटोत ते हसताना दिसतात.

दुकान बंद झालं. पण शाळेने त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. उपकरणांची जाण असलेला माणूस हवाच होता, म्हणून त्यांना ‘स्वीकृती सहायक’ नेमण्यात आलं. आता ते काट्याशेजारी स्टुलावर बसतात, वस्तू ठेवतात, वजन वाचतात आणि पावतीवर शिक्का मारतात. काम बसून आहे, हात काळे होत नाहीत.

परवाच्या शुक्रवारी एक गृहस्थ टेबलपंखा घेऊन आले. कपडे नीटनेटके, बोलणं गोड, खांद्याला कापडी पिशवी. पंखा काट्यावर ठेवताना त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

“चांगला होता हो,” ते म्हणाले. “बटणातच काहीतरी झालंय. पण हल्ली दुरुस्त करून देणारं कुणी राहिलंच नाही.”

मिस्तरींनी बटणाकडे पाहिलं. पाच मिनिटांचं काम होतं.

“खरंय,” ते म्हणाले. “शोधून सापडत नाहीत.” आणि शिक्का मारला.

दुरुस्त करून देणारं कुणी राहिलंच नाही, हे वाक्य त्या खोलीत दर शुक्रवारी वीस-पंचवीस वेळा ऐकू येतं. म्हणणारी माणसं शिकलेली असतात, भली असतात, पुढच्या पिढीची त्यांना मनापासून काळजी असते. तुम्हीही ते अलीकडेच कुणाला तरी म्हणाला आहात. त्या आधी नक्की किती दुकानांत विचारून आला होतात, एवढं तीन प्रतींत लिहून द्या.