सात पेट्या आणि अनुत्सुक नर्सबाई

समाजाची खरी उंची त्याच्या लिलावांत दिसते, असे माझे ठाम मत आहे. (मी मधमाशी व मधसाहित्य लिलाव समितीचा मानद सचिव आहे; या पदाचा माझ्या मताशी संबंध नाही.)

गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे एका मधपाळाने धंदा आवरला आणि त्याच्या माश्यांनी भरलेल्या सात पेट्या व एक मधयंत्र समितीकडे आले. लिलाव मैदानात घ्यावा, अशी कुणीतरी सूचना केली. मैदानात माईकची सोय नसल्याने तो बंद सभागृहात ठेवला. बोलीचा नियम एकच, पण स्वच्छ : हात वर केला की बोली.

माझ्या आतेभावाचे चष्म्यांचे दुकान आहे. त्याला माश्या नकोच होत्या. वहिनींना मधयंत्र हवे होते. पोळ्यांच्या चौकटी आत ठेवून हँडल गरगर फिरवले की मध बाहेर पडतो, असे ते स्टीलचे पिंप.

"मध निघतो तर पाणी का नाही निघणार?" वहिनी म्हणाल्या. "चादरी पिळायला झकास!"

शेवटच्या रांगेत एक निवृत्त नर्सबाई होत्या. तीस वर्षे त्यांनी माश्या पाळल्या. शेजाऱ्याने गुलाबांवर औषध फवारले आणि एका दुपारीत त्यांचे अंगण गप्प झाले. दोन पेट्या तरी मिळाव्यात म्हणून त्या आल्या होत्या.

पहिली पेटी 'भरलेली' आहे हे सिद्ध करण्यासाठी लिलाव पुकारणाऱ्याने तिच्यावर थाप मारली. पेटीच्या दाराचा बोळा निघाला. पुढच्या नऊ मिनिटांत अडतीस उपस्थितांनी चारशे बारा बोल्या लावल्या. (एवढा प्रतिसाद समितीच्या इतिहासात नाही.) पुकारणाऱ्याने दुहेरी जाळीची टोपी घातली होती, त्यामुळे त्याला फक्त हात दिसत होते. एका न्हाव्याने दोन्ही हात चालवले. त्याची स्वतःशीच चुरस झाली आणि मधयंत्र त्याने स्वतःच्या नाकावर टिच्चून जिंकले. एक बोली टेबलाखालून आली. ती अध्यक्षांची होती.

"अरे, हात हलवू नका! शांत बसा!" नर्सबाई ओरडत होत्या. त्यांच्या मनगटावर एक माशी निवांत फिरत होती. हात मांडीवर असल्यामुळे मी त्यांची नोंद 'उपस्थित, परंतु अनुत्सुक' अशी केली.

सातही पेट्या आतेभावाला गेल्या.

"अरे, मी मानेवरची माशी हाकलत होतो!"

"सात वेळा?" मी विचारले. मी नोंदवही त्याच्यापुढे सरकवली.

पेट्या दुकानावरच्या गच्चीत लागल्या. तिसऱ्या दिवशी नजर तपासायला आलेल्या मास्तरांनी तक्त्यावरची चौथी ओळ वाचली : "क, ट, म... म उडाला." आतेभावाने त्यांचा नंबर वाढवून दिला. वहिनी हातांनी चादरी पिळत होत्या आणि त्याच्याशी बोलत नव्हत्या. आठव्या दिवशी बोलल्या.

"त्या बाईंना देऊन टाका की. सगळ्यांत फक्त त्यांनाच माश्यांशी वागता येत होतं."

आतेभाऊ माझ्याकडे आला. मी नियम चार दाखवला : हस्तांतर फक्त लिलावाने. तेव्हा पुन्हा लिलाव झाला. या खेपेस पेट्या नीट बंद होत्या, तरी अडतीसच्या अडतीस जण हात मांडीखाली दाबून बसले. अध्यक्षांनी आपले हात पत्नीकडे धरायला दिले होते. पुकारणाऱ्याने तीनदा विचारले. मग शेवटच्या रांगेतून एक हात सावकाश वर आला.

"कोणत्या दोन?" मी विचारले.

"सगळ्याच," नर्सबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या. इतिवृत्तात मी 'स्पर्धेअभावी वातावरण निरुत्साही' असे लिहिले.

आता त्यांचे अंगण पुन्हा गुणगुणते. दारावर पाटी आहे : 'मध विकायचा नाही. तो माश्यांचा आहे.' तरीही रोज सरासरी सहा सुशिक्षित माणसे बेल वाजवून विचारतात, "शुद्ध आहे ना?" विकायचाच नाही म्हटल्यावर त्यांची खात्री पटते, आणि ती आणखी सहा जणांना पत्ता देतात.

पत्ता मी येथे मुद्दाम दिलेला नाही. तुम्ही तो शोधायला पुन्हा वर जाऊ नका. आणि ती बरणी खाली ठेवा.