गुलाबराव बर्फाच्या नदीला निघतात

वैशाखातली भर दुपार. अमरावतीत अशा वेळी कावळासुद्धा चोच उघडी टाकून झाडाखाली बसतो. आणि आमच्या गल्लीतून एक गृहस्थ रुई भरलेला कोट, रुई भरलेली विजार, कानटोपी आणि हातात काठी अशा थाटात चालत येतात. घाम इतका की मागे रस्त्यावर थेंबांची रांग. समोरून येणारा आपोआप बाजूला होतो. हे आमचे शेजारी गुलाबराव धोटे. ते थंडीच्या मुलखात जायची तयारी करत होते.

"गुलाबराव, अहो, उन्हात हिंडून थंडीची सवय कशी होईल?" मी एकदा न राहवून विचारलं.

"थंडीची नाही मास्तर, कोटाची सवय करून राहिलो. थंडी तं तिथं फुकट भेटन."

म्हणे फुकट! कपाळ!

हे खूळ त्यांच्या डोक्यात मी घातलं असं गल्लीतले लोक अजून म्हणतात. आता यात माझा काय दोष, तुम्हीच सांगा. मी शाळेत भूगोल शिकवायचो. तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला. नागपूरच्या साहेबांना हुक्की आली की शाळांना नवनवे हुकूम सुटायचे. तसाच एक सुटला, की गावकऱ्यांना मॅजिक लँटर्नच्या दिव्याने पडद्यावर ज्ञानवर्धक चित्रं दाखवा. मी दाखवली. चित्रं होती अमेरिकेतल्या एका डोंगरी मुलखाची. तिथल्या सरकारने तो अख्खा मुलूख लोकांनी पाहावा म्हणून राखून ठेवलेला. झाड तोडायचं नाही, शिकार करायची नाही, नुसतं हिंडायचं. मी रंगात येऊन सांगत होतो, की या दऱ्या पाण्याने नाही, बर्फाने कोरल्यात. बर्फाची नदी असते, ती हळूहळू सरकते, दगड घासत जाते. खाली वितळते, पण वरून नवा बर्फ येतच राहतो, म्हणून सरत नाही.

अंधारात मागून आवाज आला, "मास्तर! सरत नाही मंजे? कदीच नाही?"

"कधीच नाही."

"तुमी पायली काय?"

"नाही, पण..."

"मंग शिकवता कायले?"

सगळं सभागृह हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात पुन्हा तोच आवाज, "चाला मंग. पाहून येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो तर गुलाबराव दारात. अमेरिकेला कोणती गाडी जाते? मी म्हटलं, गाडी नाही, बोट. वाटेत समुद्र लागतो. ते जरा विचारात पडले. त्यांना गावातल्या तलावाच्या नावेतही मळमळायचं. शेवटी दया येऊन मी नकाशा उघडला आणि हिमालयातली पिंडारीची हिमनदी दाखवली. बडनेऱ्याहून भुसावळ, इटारसी, आग्रा, बरेली करत काठगोदाम. तिथून मोटारीने अल्मोडा. पुढे पायी. त्यांनी त्या जागेवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "ठरलं. ठरलं मंजे ठरलं."

या माणसाचं ठरलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी बदलत नसे. कापसाच्या बाजारात ते रुईची पारख करायचे. चिमूटभर रुई दोन बोटांत धरून ताणायची, धागा पाहायचा आणि भाव सांगायचा. त्यांनी सांगितलेला भाव व्यापाऱ्यांनी कधी फिरवला नाही. माणसंही ते तशीच ताणून पाहायचे. नवा तहसीलदार आला की, "आखूड धाग्याचा आहे, जास्त ओढू नका." कोणी खोटारडा निघाला की, "जाऊ द्या, कवडी माल." डागाळलेल्या कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. मला ते तोंडावर म्हणाले होते, "मास्तर, तुमी मधल्या धाग्याचे. पिंजलं तं बरे निंगान." आमची ही मात्र त्यांच्या मते लांब धाग्याची! ही आठवण ती मला अजून करून देते.

तयारी सुरू झाली. एक गोष्ट माझ्या लगेच ध्यानात आली. सगळं दोन-दोन. कोट दोन, काठ्या दोन, बूट दोन जोड. दुसरा जोड अनुसयावैनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. आणि वैनी म्हणत होत्या, "मी नाही येत."

एवढंच. भांडण नाही, आदळआपट नाही. तूर निवडता निवडता मान वर न करता म्हणायच्या, "मी नाही येत. तुमी जा."

"घरची आल्याबिगर मी जात नाही," गुलाबराव मला सांगायचे, "अन् मी गेल्याबिगर राहत नाही."

या दोन वाक्यांचा मेळ कसा घालायचा हे मला तरी कळत नव्हतं. त्यांना त्याची फिकीर नव्हती. वैनी येणारच असं धरून ते कामाला लागले होते.

रोज पहाटे मालटेकडी चढायची असं ठरलं. 'ठरलं' यात मी आलोच. तिला टेकडी म्हणणं म्हणजे गावाचं प्रेम. खरं तर गावाच्या कपाळावर आलेलं टेंगूळ. पण गुलाबरावांनी कुठून तरी ऐकलं होतं, की बर्फात चढणारे एकमेकांना दोर बांधतात. त्यांनी विहिरीचा दोर आणला. एक टोक त्यांच्या कमरेला, दुसरं माझ्या. पुढे रुईचा कोट घातलेले गुलाबराव, मागे धोतर सावरत मी, आणि आमच्या शेजारून टणाटण उड्या मारत वर जाणाऱ्या शेळ्या. वाटेत एक शिपाई भेटला. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि गुलाबरावांना विचारलं, "कोन्या गुन्ह्यात धरलं याले?"

ही बातमी शाळेत माझ्याआधी पोचली. हेडमास्तरांनी काही विचारलं नाही, पण दिवसभर माझ्याकडे पाहून मिशीत हसत होते. चांडाळ!

गल्लीच्या तोंडाशी हाशमभाईंचं घोंगड्या-कांबळ्यांचं दुकान. त्यांना हा कोट पाहवत नसे. "धोटेजी, रुई पानी पीती है," ते म्हणायचे. "ऊन, मंजे लोकर, नही पीता. बरफात हा कोट घालून जासान, तं गादी होऊन परत येसान."

"हाशमभाई, वऱ्हाडचा मानूस कापूस सोडून मेंढीच्या केसात शिरन काय? लोक थुकतीन माह्या तोंडावर."

"थुकू द्या. मगर सूखे रहोगे."

असं रोज चालायचं. शेवटी एक दिवस हाशमभाई इरेला पेटले. तोवर आमच्या गावातही बर्फ मिळायला लागला होता. त्यांनी हमालाच्या डोक्यावर एक मोठी लादी आणवली, गुलाबरावांच्या अंगणात ठेववली आणि म्हणाले, "बैठो."

गुलाबराव लादीकडे पाहत जरा थबकले. वैनी भाजीला गेल्या होत्या. गुलाबरावांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, मग "बसतो" म्हणाले आणि सगळ्या सरंजामासह लादीवर बसले.

सुरुवातीला काही झालं नाही. गुलाबराव विजयी मुद्रेने सभोवार पाहत होते. मग रुईने पाणी प्यायला सुरुवात केली. आधी विजार फुगली, मग कोटाची कड, मग पाठ. गुलाबराव उठायला गेले तर उठवेना! एक हात हाशमभाईंनी धरला, एक मी. ओढलं तेव्हा दोन्ही पायांतून पाण्याच्या धारा सुटल्या. अख्खी गल्ली लोळायची बाकी राहिली. मी तर डोळे पुसत होतो.

तेवढ्यात वैनी आल्या. त्यांनी लादी पाहिली. भाजीची पिशवी खाली ठेवली. तुळशीजवळचा दगड उचलून बर्फाचा एक तुकडा फोडला आणि मुठीत गच्च धरून उभ्या राहिल्या. बोटांतून पाणी गळत होतं. मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "आता भेटला का बरफ? एवढा मोठा? तवा कावून नाही भेटला?"

आणि आत गेल्या. हसणं जागच्या जागी थांबलं. हाशमभाईंनी लोकांना घरोघर पिटाळलं. गुलाबराव ओल्या कोटात तसेच उभे होते.

संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. मी या गल्लीत राहायला यायच्या आधीची गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांना एक मुलगी होती. कमळा. उन्हाळ्यात मुदतीचा ताप आला. डॉक्टर म्हणाला, डोक्यावर बर्फ ठेवा. तेव्हा बर्फाचा कारखाना अकोल्याला, इथे काही नाही.

"गेलो मास्तर. लादी घेतली, भुश्यात, पोत्यात गुंडायली. बडनेऱ्याले आलो तं अमरावतीची गाडी निंघून गेली होती. टांगाबी भेटला नाही, दुसरीची वाट पाहत बसलो. ऊन असं का इचारू नका. घरी पोचलो तवा पोत्यात मुठीएवढा उरला होता. तो तिच्या कपायावर ठेवला. तिनं डोये उघडले. जराशी हासली. मने, बाबा, अजून."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"अजून कुठून आनू मास्तर? पोरगी त्याच राती गेली. घरची मले एका शब्दानं बोलली नाही. आजलोक नाही. बोलली असती तं बरं झालं असतं. तुमी त्या दिवशी चित्रं दाखवले, मनाले, सरत नाही. माह्या मनात आलं, हिले एकदा तिथं नेऊन उभं कराव. मनाव, पाय, अनुसया, हा घे. किती पायजे तितका घे."

ते रडत होते. मीही रडत होतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

त्यानंतर कोट बाहेर आला नाही, मालटेकडीही बंद झाली. गुलाबरावांचं ठरलेलं पहिल्यांदाच मोडणार असं सगळे म्हणू लागले. मग एका सकाळी वैनी आमच्याकडे आल्या. आत आल्या नाहीत, दारातूनच म्हणाल्या, "मास्तर, तिथला बरफ खरंच सरत नाही?"

"खाली वितळतो वैनी. पण वरून नवा येत राहतो."

त्यांनी पदर कमरेला खोचला. "मंग सांगा त्यायले," म्हणाल्या, "मी येतो. पन कापसाचा कोट घालीन नाही."

गुलाबरावांनी त्याच दिवशी हाशमभाईंकडून लोकर घेतली. तडजोड म्हणून आत एक रुईची बंडी ठेवली, तेवढी वऱ्हाडची लाज.

त्यांनी हिमनदी पाहिली का, असं मला लोक विचारतात. पाहिली. परत आल्यावर गुलाबराव म्हणाले, "मास्तर, तुमचं पुस्तक खोटं. पांढरी कायची, पार कवडी आहे, मातीनं भरेल. पन सरत नाही, हे खरं." तिथे वैनी काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला आठवतं ते निघतानाचं.

मी बडनेऱ्यापर्यंत पोचवायला गेलो होतो. पुढच्या गाडीला अवकाश होता. वैनी सामानापाशी बसल्या नाहीत. फलाट न्याहाळत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तवा गाडी चुकली, ते इथंच काय?"

"हो."

"कुठं बसले होते?"

गुलाबराव फलाटाच्या टोकाला भिंतीपर्यंत गेले. "इथं. इथं जराशी सावली होती. पोतं मांडीवर घेतलं होतं. खालून पानी वाहून राहिलं होतं, अन् मी हातानं अडवून राहिलो होतो."

वैनी त्या जागेकडे पाहत होत्या. "मले वाटे, तुमी अकोल्यात बाजार पाहत बसले असान. रुईचे भाव करत. इतके वर्स मी हेच समजली."

"मी सांगतलं होतं, गाडी चुकली."

"सांगतलं होतं. मी आयकलं नाही."

मग त्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या आणि शेजारच्या फरशीवर हात ठेवून म्हणाल्या, "बसा."

गुलाबराव बसले. मी सामान राखत लांब उभा राहिलो. दोघं बोलत होती, मधूनच कमळाचं नाव माझ्या कानावर यायचं. वैनींच्या तोंडून ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. एकदा तर त्या हसल्याही, लेकीची काहीतरी खोडी आठवली असावी. गाडी आली, माणसं उतरली, चढली, हमालांनी आरडाओरडा केला, तरी दोघं उठेनात. शेवटी मलाच बोंबलावं लागलं, "अहो गुलाबराव! गाडी सुटते! चढा आता!"