बाबीकाकांचा तंगूस

२००६ सालचा नोव्हेंबर, रविवार, सकाळचे पावणेनऊ. मालवणच्या बाजारात मासेमारीच्या सामानाचे एक छोटे दुकान. माल : तंगुसाची एक गुंडी, म्हणजे गळाला लावायचा नायलॉनचा दोरा, शंभर मीटर, किंमत एकशे दहा रुपये. हजर : दुकानदार, मी आणि आमचे शेजारी बाबीकाका.

बाबीकाकांनी गुंडी सोडली, हातभर तंगूस बाहेर काढला, डोळे मिटले आणि तो खालच्या ओठावरून हळूहळू ओढत नेला. अर्ध्यावर थांबले, थोडे मागे आले, पुन्हा पुढे गेले. मग डोळे उघडून दुकानदाराला म्हणाले, "ह्यो उन्हात वाळललो आसा."

दुकानदार आधी हसला. मग त्याला आठवले, की ती गुंडी मे महिन्यापासून दाराच्या खिळ्याला टांगलेली होती. त्याने ती गुपचूप खाली ठेवली. मी मोजणी खात्यातला माणूस. साखळी आणि फीत सोडून कशावर सहसा विश्वास ठेवत नाही. पण त्या दिवशी मी त्या ओठाकडे नव्याने पाहिले.

बाबीकाका चाळीस वर्षे होडीवर होते, त्यातली बावीस तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणून. एवढी वर्षे दोर ओढून हाताची कातडी अशी झाली होती, की पेटलेली काडी विझल्यावर त्यांना कळे. तंगूस बोटांनी का तपासत नाही, असे मी एकदा विचारले होते.

"बोटां माझी लाकडाची झाली हत," ते म्हणाले. "ओठ अजून माणसाचे आसत."

ह्या ओठांसाठी त्यांनी काय नाही केले? मिशी काढली. लग्नात ठेवलेली, वाडीत त्यांची ओळख असलेली मिशी. केस मध्ये येतात, तंगसाची खरखर कळत नाही, हे कारण. पुढे माशांच्या कालवणात पडणारे तिरफळ सोडले. तिरफळाने ओठ बधिर होतात हे खरे. पण बांगड्याचे तिखले तिरफळाशिवाय खाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. माझ्या बायकोने, नलिनीने, पाठवलेली वाटी त्यांनी दोनदा परत केली. तिसऱ्यांदा तिने वाटीच पाठवली नाही.

नलिनीच्या रागाला दुसरेही कारण होते. दोन वर्षांपूर्वी इंदूकाकींच्या, म्हणजे बाबीकाकांच्या पत्नीच्या, अंगावरून वारे गेले. उजवी बाजू लुळी पडली. तीस वर्षे मासळी बाजारात बसून अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा भाव सांगणारी ही बाई. ती खिडकीपाशी खुर्चीत बसून राहिली. चालता थोडे येई, बोलताही येई, पण ती दोन्ही करीत नसे. ह्या हाताने लोकांसमोर जायचे नाही, एवढेच तिने एकदा सांगितले होते. दोन वर्षांत ती घराच्या पायऱ्या उतरली नव्हती. डॉक्टरांनी सांगितले होते, की अशीच बसली तर आहे तेही जाईल.

आणि घरधनी ओठावरून तंगूस फिरवीत होते.

"बायल घरात बसान झुरता आणि ह्येंका तंगसाचा येड लागलाहा," नलिनी म्हणाली. वाडीचेही मत साधारण हेच होते.

वेड गळाचा दोरा गुंडाळायच्या एका रिळापासून लागले. जहाजावर नोकरीला असलेल्या भाच्याने ते जपानहून आणले होते. मुठीत मावेल एवढे, आत फिरकी, आणि ती इतकी हलकी की फुंकर मारली तरी गरगर फिरे. चार ग्रॅमचे शिसे लावले तरी गळ दूर जातो, असे भाचा सांगून गेला. गळ उडाला की फिरकी फिरते. ती वेळेवर अंगठ्याने दाबून थांबवायची. उशीर झाला की तंगसाचे घरटे, म्हणजे गुंता, होते.

पहिल्याच दिवशी बाबीकाकांनी तांडेलाची चूक केली. होडीवरचा जाड तंगूस त्यांनी फिरकीवर काठोकाठ भरला. समुद्रात जाड आणि भरपूर हेच बरोबर. इथे फिरकी जड झाली, गळ पायापाशी पडला आणि जे घरटे झाले ते सोडवायला सव्वातीन तास लागले. मी घड्याळ लावून बसलो होतो. त्यांनी एक वेढाही कापला नाही, एक शिवीही दिली नाही.

मग त्यांनी एकेक तंगूस घेतला. रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवला, सकाळी जमिनीवर टाकून किती वेटोळी राहतात ते पाहिले. एक ताठ होता. "ह्यो हट्टी आसा" म्हणून बाद झाला. विणलेला एक सुतासारखा बारीक आणि भलता बळकट होता, पण स्वतःच्याच थरात रुतून बसे. एक फार ताणला जाई. भरायचा किती, ते मी फीत लावून ठरवून दिले : पंचेचाळीस मीटर, त्यावर हातभरही नाही. अकरा तंगूस नापास झाले.

बारावा त्यांनी एसटीने वेंगुर्ल्याला जाऊन आणला. दुसऱ्या दिवशी मी फीत घेऊन त्यांच्या अंगणात गेलो आणि दारातच थांबलो. बाबीकाका गळ फेकत होते. उजव्या हाताची चार बोटे त्यांनी रुमालाने गळाच्या काठीला घट्ट बांधली होती. मोकळा होता तो फक्त अंगठा. रिळाची मूठ डावीकडे आहे, हेही मला तेव्हाच दिसले. ती तशी मुद्दाम मागवली होती.

त्यांनी खिडकीकडे पाहून आवाज खाली आणला.

"तिचो आंगठो तेवढो हलता, भाऊ. त्या आंगठ्याचा आयकात असो तंगूस व्हयो."

मी सत्तावीस वर्षे जमिनी मोजतो आहे. दुसऱ्याच्या अंगठ्याचे बळ स्वतःच्या ओठावर मोजणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

काकींना बाहेर काढायला त्यांनी अगदी साधी युक्ती केली. आपल्याला जमत नाही, तू जरा धरून बघ, असे आठवडाभर सांगत राहिले. शेवटी तांडेलाचे रडगाणे असह्य होऊन ती उठली. जानेवारीतली संध्याकाळ होती, भरती चढत होती. खाडीच्या धक्क्यावर मी खुर्ची नेली. नलिनी काकींचा हात धरून आली. अंगठ्याचे मी तिला सांगितले होते; तिचे डोळे पुसलेले दिसत होते.

काठी काकींच्या तळव्याला बांधली. पहिला गळ दोन मीटरवर पडला आणि घरटे झाले. बाबीकाका खाली बसून ते सोडवू लागले. काकी उठून जाणार असे आम्हाला वाटले, पण ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. दुसऱ्यांदाही घरटे. तिसऱ्यांदा फिरकी सुटली, अंगठा खाली आला आणि फिरकी थांबली. मी धक्क्यावर पावले टाकून अंतर मोजले. अकरा मीटर.

चाळीस मिनिटांनी काठी वाकली. डाव्या हाताने मूठ फिरवीत काकीने मासा वर घेतला. शेंगाळा, वीतभर, काही फार मोठा नव्हे. नलिनीने तो साफ करायला म्हणून हात पुढे केला.

"पंधरा रुपये," काकी म्हणाली.

शब्द जड होता, पण नीट ऐकू आला. मी सवयीने दहा म्हटले.

"धा रुपयांक शेपटी गावतली, मेल्या."

पलीकडे जाळे दुमडणारे दोघे मान वर करून हसले. काकीने त्यांच्याकडे सरळ पाहिले; हात पदराखाली घेतला नाही. बाबीकाका आमच्याकडे पाठ करून डबा आवरत होते. त्या डब्यात आवरण्यासारखे काही नव्हते, तरी त्यांना बराच वेळ लागला.

दहाची नोट आणि पाचचे नाणे, एकूण पंधरा रुपये, मी इंदूकाकींना दिले. नोट त्यांनी उजव्या अंगठ्याखाली दाबून धरली.