बाबारावांचा खोल डबा

बाबाराव मेश्रामांच्या ट्रेलरमध्ये दोघांच्या झोपण्याची सोय होती, शेगडी होती, पंखा होता, खिडकीला जाळी होती. फक्त त्यात त्यांच्या बायकोला, कलावतीबाईंना, सरळ उभं राहता येत नव्हतं.

रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत हयात घालवलेल्या बाबारावांनी निवृत्तीनंतर छत्तीसगढात, गुढियारीतल्या घराच्या पोर्चमध्ये हा डबा स्वतःच्या हातानं बांधला होता. गाडीमागं जोडायचा आणि बायकोला घेऊन सिरपूरचे बौद्ध विहार पाहायला जायचं, एवढंच स्वप्न. पण पोर्चचा सज्जा ठेंगणा, म्हणून डबाही ठेंगणा. आणि कलावतीबाई पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळ्यांत उंच. त्यांनी आत पाऊल टाकलं, मान वाकवली आणि तशाच बाहेर आल्या.

"मी नाही येत सिरपूरले."

"काहून?"

"सासूपुढं नाही वाकली, घरमालकापुढं नाही वाकली. आता तुमच्या डब्यात वाकून चहा करू?"

छत वर जाणार नव्हतं, म्हणजे जमीन खाली न्यायला हवी. दार आणि चाकांचा एक्सल यांच्या मधला तुकडा तेवढा खाली उतरवता येत होता. तिथं उभं राहणाऱ्याला वीतभर उंची जास्त मिळाली असती. बाबारावांनी ही युक्ती आधी गल्लीभर सांगितली आणि मग सुशील वेल्डरला बोलावलं. सुशील इथलाच, छत्तीसगढी. त्याच्याशी ते आपल्या पद्धतीच्या हिंदीत बोलत.

खडूनं चौकोन आखून ते म्हणाले, "ये देख. इतना हिस्सा खोल करना है."

"खोल करना है?"

"हव. खोल."

"कितना, भैया?"

"दीदी को सीधा खड़ा रहने के लिए जितना लगे, उतना खोल."

"तो पूरा ही खोल देता हूँ ना."

"पूरा खोल! मगर फिनिशिंग मस्त होना."

एवढं बजावून बाबाराव पडद्याचं कापड आणायला सदर बाजारात गेले. परतले तेव्हा काम आटोपून सुशील चहाला गेला होता. डब्याचं दार ओढलेलं होतं आणि पोर्चमध्ये निम्मी गल्ली जमली होती. बाबाराव दाराला हात घालणार, तोच कलावतीबाई पुढं झाल्या.

"थांबा. जिले वाकायचं होतं तीच आधी पाहील."

दार लागलं. आत त्या चाचपडत खाली उतरल्याचा आवाज आला. मग खिडकीच्या जाळीमागं त्यांचा चेहरा दिसला, ताठ मानेवर.

"काहो! पुरी सरळ उभी हाव मी! वरतं चार बोटं जागा बी हाय!"

टाळ्या पडल्या. बाबारावांची छाती फुगली.

"अन् पायाले कसं थंडगार लागून राहिलं. खाली फरशी बी बसवली काय जी?"

फरशीचं बाबारावांनी काहीच सांगितलं नव्हतं. पण एवढ्या माणसांसमोर 'माहीत नाही' कसं म्हणायचं?

"बसवली ना! काम म्हणजे काम हाय!"

उत्साहाच्या भरात त्यांनी डबा गल्लीत काढायचं ठरवलं. शेजारचे नरहरी आणि ते, दोघांनी मिळून पुढून ओढायला सुरुवात केली. डबा डुलत निघाला. खिडकीत कलावतीबाईंचा चेहरा एकदा दचकला, मग स्थिर झाला. लोक बाजूला सरत होते, वाहवा करत होते. एवढ्यात नरहरींची बायको कमला ओरडली,

"बाबारावजी, तुमच्या डब्याले पाय फुटले!"

बाबारावांनी खाली वाकून पाहिलं. चाकांच्या पलीकडे दोन अनवाणी पाय डब्याच्या चालीनं चालत होते.

तेवढ्यात सुशील आला आणि हरखून गेला. "वाह दीदी! चलते-चलते भी काम दे रहा है!"

"अरे, ये क्या किया? मैंने खोल बोला था!"

"तो खोला ना, भैया."

"खोल! खोल मतलब खोल!"

"वही तो! किनारे पे रबर भी लगाया, दीदी को लगे मत करके. गाड़ी रुकेगी, दीदी जमीन पे खड़ी होके चाय बनाएगी. मेरे को तो आपका आइडिया गजब लगा."

हसून हसून बेजार झालेली बाबारावांची मुलगी भावना म्हणाली, "बाबा, गहरा बोलना था! गहरा!"

कमला खिडकीपाशी गेली. "कलाबाई, ओरडली काहून नाही?"

"सारा पारा पाहून राहिला होता. आता कुठं सरळ उभी राहिली, तर आरडाओरडा करून शोभा करू काय?" जाळीमागून उत्तर आलं. "चालली मी. चांगली चालली."

डबा पोर्चमध्ये परत आला. या वेळी बाबारावांनी नुसता खडू पुढं केला. कलावतीबाईंनी स्वतः शेजारी उभं राहून सुशीलला 'गहरा' हा शब्द तीनदा म्हणायला लावला. त्यानं भोकाखाली पत्र्याची मजबूत पेटी वेल्ड केली, तिच्या तळावर लाकडी फळी बसवली. संध्याकाळी कलावतीबाई पेटीत उतरल्या. या खेपेला पायाखाली खरोखर डबा होता आणि डोक्यावर बोटभर जागा.

मग पाहणाऱ्यांची रांग लागली. खोल चौकोनात माणूस मावत होता एकच, आणि ती जागा कलावतीबाईंनी धरली होती. बाकी जो आत येई, त्याला कमरेत वाकावं लागे. नरहरी वाकले, कमला वाकली, हसणं आवरत भावनाही वाकली. कलावतीबाई मधोमध ताठ उभ्या राहून प्रत्येकाला चहा देत होत्या.

सगळ्यांत शेवटी बाबाराव आले.

"आता येतेस ना सिरपूरले?"

"येते की. मस्त केलं जी तुम्ही."

हे शब्द कोणत्या चेहऱ्यानं उच्चारले ते पाहायला बाबारावांनी झटकन मान वर केली. छत ठणकन लागलं. त्यांनी मान पुन्हा खाली घातली आणि तसंच वाकून, मोठ्या अभिमानानं, चहाचा कप घेतला.