सुधाकर सरांना बोलायला बंदी

शनिवार, दुपारचे तीन. सातारा, माझ्या दादाच्या घरचा हॉल.

हजर: दादा, वहिनी, शेजारच्या शकूताई आणि नोंदी घ्यायला मी. हजर, पण बोलायला बंदी: सुधाकर सर. गैरहजर: कॉलेजचे ते चार जण, ज्यांच्यासाठी आम्ही सांगलीहून एसटीने आलो होतो. आपली मॅच आहे, हे त्यांना आयत्या वेळी आठवलं.

सुधाकर सरांना गप्प बसवणं म्हणजे काय, हे त्यांच्या शेजारी एसटीत बसल्याशिवाय कळायचं नाही. सर माणसांशी बोलत नाहीत, माणसांना त्यांचीच गोष्ट सांगतात. त्या दिवशी सांगलीबाहेर पडल्यावर कंडक्टर आमच्यापाशी आला. सरांनी मान वर केली आणि खर्जातल्या आवाजात सुरुवात केली, "गर्दीतून वाट काढत तुम्ही पुढे येता. समोर दोन अनोळखी प्रवासी. त्यातला एक तुमच्या यंत्राकडे टक लावून पाहतोय. तुम्ही काय करता?"

"मी व्हय? मी तिकीट देतो. तुमी कुठं जानार ते बोला."

"सातारा. दोन."

"मग आदीच तेवढं बोलायचं की, काका!"

मागच्या बाकावरचे हसले. मी खिडकीवरची 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही पाटी सातारा येईपर्यंत वाचत होते.

सर खेळ लिहितात. पट नाही, सोंगट्या नाहीत. तीन-चार माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि आपण काय करणार ते ठरवतात. ते जमलं की फसलं, हे फासा सांगतो. या खेळाचं पुस्तक असतं, त्यात नियम, नकाशे, राक्षस, गावं. अशी पुस्तकं मराठीत काढायचं वेड सांगलीच्या एका छापखान्याच्या मालकीणबाईंना, मालतीबाईंना, सरांनीच लावलं. पुढच्या खोलीत लग्नपत्रिका आणि तासगावच्या बेदाण्याच्या खोक्यांची लेबलं छापतात, मागच्या खोलीत राक्षस. त्या मागच्या खोलीत मी संपादकीय इंटर्न आहे.

इंटर्न. वय सांगत नाही, पण चाळिशीचा चष्मा जुना झालाय. कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात आयुष्य काढलं, ते बंद झालं आणि घरी बसवेना. मालतीबाईंना कागदपत्रं नीट लावणारं कुणीतरी हवं होतं. पण सोसायटीतल्या बायकांना काय सांगायचं? की मी दिवसभर "राक्षसाला किती डोकी?" हे तपासते? मी सांगितलं, पाठ्यपुस्तकं. वहिनीलाही तेच.

कामाच्या पहिल्याच दिवशी सरांनी मला विचारलं होतं, "तुम्ही एका अंधाऱ्या खोलीत प्रवेश करता. कोपऱ्यात कागदांचा ढीग आहे. काय करता?" मी दिवा लावला आणि ढीग आवरायला घेतला. सर जरा नाराज झाले. बहुधा त्यांच्या मते मी ढिगाशी लढायला हवं होतं.

त्यांच्या नव्या खेळाच्या हस्तलिखितात सगळीकडे भोकं होती. पुलावर राक्षस आहे, त्याच्याशी लढलात तर काय होतं ते लिहिलेलं. बोलायला गेलात तर? पुढे नुसतं, 'इथे अडलात तर फोन करा', आणि सरांचा नंबर. दर काही पानांनी तोच नंबर. आधीचे खेळही असेच छापून गेले होते, आणि पूल व राक्षस त्यांतही होतेच. त्यामुळे संध्याकाळ झाली की सरांचा फोन वाजायला लागायचा. कधी फलटणहून, कधी जतहून. "सर, आमी पुलावर हाय. राक्षस झोपलाय का जागा?" मग सर खुर्ची सोडून उभे राहायचे. "निवांत. राक्षस थांबतो. आधी सांगा, चांदणं आहे का?" आणि पुढचा अर्धा तास त्या खोलीत चांदणं पडायचं, नदी वाहायची. मी कपाट बंद करून घरी निघायचे, तरी ते चालूच असायचं.

मला तो आळस वाटला. लिहायचा कंटाळा म्हणून लोकांना फोन करायला लावायचं. मी एकेका भोकावर खूण केली आणि रोज सरांना खोदून विचारू लागले.

"असू दे की तेवढं," सर म्हणायचे.

"वाचणारा अडेल, सर."

"अडू दे. अडला की फोन करेल."

"आणि तुम्ही आंघोळीला गेला असाल तर?"

मग ते एकदाचे सांगायचे आणि मी ते स्वच्छ तक्त्यात बसवायचे. अशी सगळी भोकं मी बुजवली. नंबरही खोडले.

मालतीबाईंची अट सरळ होती. "सुधाकर, मागच्या खेळाच्या प्रती गोदामात पडून आहेत. लोक म्हणतात, पुस्तक वाचून काही कळत नाही. तू तोंड न उघडता तीन-चार परक्या माणसांनी हा खेळ शेवटपर्यंत खेळून दाखवला, तर छापते. नाहीतर राक्षस बंद. मग लग्नपत्रिकांची प्रूफं वाचायला बस." आमच्या धंद्यात या प्रकाराला मुकी चाचणी म्हणतात. लिहिणाऱ्याने समोर बसायचं, पण ब्र काढायचा नाही.

तर, कॉलेजवाल्यांनी टांग दिल्यावर त्या मुक्या चाचणीसाठी मला माझ्याच माणसांना गोळा करावं लागलं. दार उघडल्याबरोबर वहिनीनं सरांकडे बघून मला हळूच विचारलं, "वन्सं, हे कोण?"

"आमच्या प्रेसमधले आहेत," मी म्हणाले. "सामान उचलायला आलेत."

"बोलत का नाहीत?"

"घसा बसलाय."

सर मागेच उभे होते. हातात माझी पिशवी होती, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं. वहिनीनं त्यांना लगेच मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या आणि वर हळदीचं दूध दिलं. सरांना दूध आवडत नाही. त्यांनी ते मुकाट्यानं संपवलं.

खेळ म्हणजे पाठ्यपुस्तकातलाच एक उपक्रम, असं मी दडपून सांगितलं. दादा निवृत्त शिक्षक, म्हणून सूत्रधार तो झाला. पुस्तकाची कच्ची प्रत हातात घेऊन त्याने धडा वाचावा तसं सुरू केलं. "संध्याकाळ झाली आहे. तुम्ही घाटाच्या पायथ्याशी पोचला आहात. काय करता?"

"काय करणार? संध्याकाळ झाली म्हणजे कुकर लावते," वहिनी म्हणाली.

"अगं, तू योद्धा आहेस!"

"योद्ध्यांना भूक लागत नाही का?"

दादानं पुस्तक चाळलं. मुक्कामी स्वयंपाकाचा तक्ता होता, मीच केलेला. वहिनीनं फासा टाकला, पिठलं उत्तम झालं. भिंतीलगतच्या खुर्चीत सर पुढे झुकले होते. फोन काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवला होता. मी डोळ्यांनीच दटावलं.

मग पूल आला. राक्षस आला. शकूताई दहिवडीकडच्या, बसल्या जागी मांडी बदलून म्हणाल्या, "लढायचं न्हाई. त्याला इचारा, तुजी आय कुठं हाय? मी तिच्याशी बोलते."

"शकूताई, राक्षसाला आई नसते," दादा म्हणाला.

"आवं गुरुजी, आय बगर कोन आलंय व्हय? बगा पुस्तकात!"

मी श्वास रोखला. सरही उठून उभे राहिले, तोंड अर्धवट उघडं. हीच ती जागा, सगळे गट जिथे अडायचे. दादानं पान उलटलं. "आहे की! 'राक्षसाशी बोलल्यास, तक्ता सातवा.' आई पुलाखाली राहते."

"म्हनलं न्हवतं?" शकूताईंनी वहिनीच्या पाठीत धपाटा घातला. "चला खाली. लय दिस कुनी इचारलं नसंल म्हातारीला."

सर खाली बसले. त्यानंतर जिथे जिथे खेळ अवघड झाला तिथे ते पुढे झुकायचे आणि दादा पान उलटून उत्तर काढायचा. असं होत होत सर खुर्चीत मागे गेले, मग केव्हातरी उठून बाहेर गॅलरीत. ते गेलेले कुणाला कळलंही नाही. आत राक्षसाच्या आईला डोलीत घालून दोघी जणी घाट चढत होत्या आणि वहिनी ओरडत होती, "दादागिरी नको, फासा माझा आहे!"

खेळ संपला. एकदाही अडला नाही. मी तिथूनच मालतीबाईंना फोन लावला. "पास झाला? मग छापते!" म्हणाल्या. मी धावत गॅलरीत गेले.

"सर, छापतायत! कुठेसुद्धा अडलं नाही!"

"हो, ऐकत होतो," सर म्हणाले. तक्ते छान झालेत, असंही म्हणाले. मग खाली रस्त्याकडे बघत, "जतचे एक पोस्टमन आहेत. दर रविवारी पुलावर अडतात."

"कोणाबरोबर खेळतात?"

"गट कधीच मोडला. कुणी पुण्याला गेलं, कुणाचं लग्न झालं. राक्षस काय करतो ते त्यांना पाठ आहे. तरी विचारतात. मग मी सांगतो."

"पण का?"

"रविवारी तेही एकटेच जेवतात," सर म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

बंदी उठली होती, आता त्यांना बोलता येत होतं. निघताना वहिनी दारात आली, "घसा कसा आहे हो, भाऊ?" मी मान खाली घातली. सरांनी घशाला हात लावला, बराय अशी खूण केली, तिला नमस्कार केला आणि माझी पिशवी उचलून जिना उतरले. परतीच्या एसटीत त्यांनी कंडक्टरला फक्त "सांगली, दोन" एवढंच सांगितलं. ती बस पुढे सरकतच नाही असं मला वाटत होतं.

पुस्तक छापून झालं, चांगलं खपतंय. लोक पत्रं पाठवतात, की इतकं सोपं पुस्तक पाहिलं नाही. सर संध्याकाळी फोन टेबलावर ठेवून बसतात, तो वाजत नाही. मी वेळेवर घरी जाते.

माझी रोजच्या कामांची यादी असते आणि झोपण्याआधी तिच्यातलं प्रत्येक काम खोडलेलं असतं. फक्त एक ओळ रोज पुढच्या पानावर न्यावी लागते: 'रविवारी रात्री सरांना फोन करणे, अमुक ठिकाणी अडले म्हणून सांगणे.' अडायचं कुठे, तेच सापडत नाही. पुस्तकात तशी जागा मी ठेवलेली नाही.