अडतीस वर्षांची हाडं

कापसावर पडून हाड मोडणारी घाटंजीतली पहिली बाई होण्याचा मान उर्वशीला मिळाला. भाव पडला म्हणून घरमालकीण कांताबाईंनी सगळा कापूस तिच्याच खोलीत भरून ठेवला होता. फळीवरची साडी काढताना स्टूल कललं, उर्वशी ढिगावर अलगद पडली आणि मनगट कट्‌कन वाजलं.

"कापसावर पडून कोनाचं हाड मोडते व?" एसटीत कांताबाईंनी चौथ्यांदा विचारलं.

"माहं. नाजूक हाये ना मी."

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर गझालांनी वय विचारलं.

"अडतीस," उर्वशी म्हणाली. गेली बरीच वर्षं ती अडतीसचीच होती.

डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून बघतच राहिल्या. "हाडं फार विरळ झालीत. अडतिसाव्या वर्षी असं नसतं. मोठा आजार असू शकतो. नागपूरला भरती व्हावं लागेल. आधी काही ऑपरेशन?"

"बाई होयाचं झालं ना. सत्तावीस वर्सं झाली."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "म्हणजे अकराव्या वर्षी?"

कांताबाईंनी पदर तोंडाला लावला.

"लहानपनापासून हुशार होती मी," उर्वशी म्हणाली. पण पेन नागपूरच्या चिठ्ठीवर पुन्हा चालू लागलं, तशी ती पुढे सरकली. "थांबा मॅडम. बावन्न लिवा. पर हळू बोला."

"आणि हार्मोनच्या गोळ्या?"

"चार वर्सांखाली सोडल्या. पोट सुटून राह्यलं होतं."

डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली. "अहो, ऑपरेशननंतर शरीरात हार्मोन फारसं बनत नाही. त्यात गोळ्याही बंद. हाडं टिकणार कशी? आता प्लास्टर करू, मग हाडांची तपासणी. गोळ्या मी ठरवून देईन. मनानं सोडायच्या नाहीत."

"म्हंजे पोटासाठी हाडं घालवली," उर्वशी म्हणाली, "अन् पोट तं अजून इथंच हाये."

कांताबाई हसता हसता थांबल्या. खुर्ची ओढून टेबलाशी आल्या. "मॅडम, माहा खुबा दुखते. माहीबी तपासनी करा. उर्वशी, तू बाहीर जाय."

उर्वशी हलली नाही.

"लिवा," कांताबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "सहासष्ट." घाटंजीत त्या पंचावन्नच्या होत्या.

तेव्हा एसटीत सगळ्याच बायांना अर्धं तिकीट झालं नव्हतं. परतीच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "आजी, पासष्टच्या वर असान तं हाफ तिकीट लागते. कार्ड हाये काय?"

"आजी कोनाले म्हनून राह्यला रे? फुल दे."

कंडक्टर जरा निरखून पाहू लागला. उर्वशीनं प्लास्टरचा हात मधे धरला.

"पंचावन्नच्याच हायेत त्या," ती म्हणाली. "मी अडतीसची झाली तवापासून पाहून राह्यली."