चौथी खूण

थळच्या बाजारातून आणलेला शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा तुळशीरामच्या मधल्या बोटात शिरला. त्याने बोट चोखलं आणि विषय संपवला. तिसऱ्या दिवशी बोट वांग्यासारखं सुजलं, आकड्यासारखं वाकलं, आणि बायकोने त्याला सरकारी इस्पितळात नेऊन बसवलं.

"आत पू झालाय," सर्जन म्हणाले. "दुपारी चीर देऊ. तोवर काही खायचं नाही."

त्याच सकाळी तिथे डॉक्टर होणाऱ्या मुलांची परीक्षा होती. तुळशीराम रिकामाच बसलेला, त्यामुळे परीक्षेसाठी त्याला निवडून खाटेवर बसवलं. दहा वाजेपर्यंत चौघं येऊन गेले. प्रत्येकाने सूज पाहिली, वाक पाहिला, बोट तळव्याच्या बाजूने दाबलं, आणि शेवटी धरून सरळ केलं. तुळशीराम बोंबलला की विद्यार्थी समाधानाने लिहून घ्यायचा.

पाचवी हेमाली आली.

"काका, याच्या चार खुणा असतात. मला तीनच आठवतायत."

"चौथी मी सांगतो, बाय. पन बोटाला हात लावायचा न्हाय."

"चालेल."

"सरळ केलं का जीव जातो. ही चौथी."

तिने लिहून घेतलं. परीक्षक आले, त्यांनी चारही खुणा ऐकल्या.

"चौथी तपासलीत?"

"हो सर."

"मी शेजारच्याच खोलीत होतो. चार वेळा यांची बोंब ऐकली. पाचवी ऐकली नाही."

हेमालीचा चेहरा उतरला. तुळशीरामला राहवेना.

"दात दाबून सोसलं, साहेब. पोरीचा हात हलका हाय."

"असं? मग मीच बघतो," म्हणत परीक्षकांनी हात पुढे केला.

"आई गं, मेलो," तुळशीराम किंचाळला.

"मी अजून हात लावलेला नाही."

मग हेमालीने मान खाली घालून सांगितलं, "सर, मी तपासलंच नाही. काकांनी सांगितलं ते लिहिलं."

"पेशंटकडून माहिती काढणं उत्तम," परीक्षक म्हणाले. "तपासणी शून्य. नापास व्हायचं नसेल तर आता करून दाखवा."

हेमाली जागची हलली नाही. तुळशीरामने तिच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि हात पुढे केला.

"वढ बाय. पन लवकर."

ती बोंब औषधांच्या खिडकीपर्यंत गेली. परीक्षकांनी मान डोलावली. "पास."

तेवढ्यात सिस्टर दारात आली. "सर, अजून तिघं थांबलेत. पाठवू?"

"पाठवा."

पुढचा विद्यार्थी आत येईपर्यंत तुळशीरामने दुखरा हात चादरीखाली सरकवला आणि चांगला हात बाहेर काढून ठेवला.